तामोरे सर, दार उघडं होतं

सर,

वार्षिक अंकात तुमच्यावर दोन लेख येणार आहेत. एक गणेशने लिहिला आहे. त्यात तुमचा जन्म, शिक्षण, भूगोल किती वर्षं शिकवलात, कोणकोणत्या समित्यांवर होतात, सगळं नीट क्रमाने आहे. त्याने मला वाचायला दिला आणि म्हणाला, "बघ गं मनीषा, काही राहिलं असेल तर तू लिही."

राहिलं आहे. एकच गोष्ट राहिली आहे आणि ती गणेशला ठाऊक नाही. आपल्या सहलीतल्या कुणालाच ठाऊक नाही. तुम्हाला ठाऊक होती, असं मला वाटतं. पण तसं तुम्ही कधी बोलला नाहीत आणि मीही नाही.

मला लेख लिहायची सवय नाही. तुमच्या पेपरातही मी आधी नकाशा भरायचे, मग टिपा, आणि मोठा प्रश्न शेवटच्या दहा मिनिटांत उरकायचे. तुम्ही लाल पेनाने लिहायचात, 'मोठ्या प्रश्नाला घाबरतेस.' आज तुम्हाला जाऊन सोळा दिवस झाले. वापीच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं, असं आम्हाला दुसऱ्या दिवशी वर्गात कळलं. तेव्हापासून मी हा मोठा प्रश्न सोडवायला बसते आणि उठते. आज उठणार नाही.

तुम्ही आमच्या वर्गात पहिल्यांदा सहलीचं बोललात तो दिवस आठवतो. भिंतीवर जगाचा नकाशा लावलात आणि विचारलंत, "तलासरीच्या पुढं कोण कोण गेलंय?" सगळे हात वर. वापी, विरार, सुरत, मुंबई. मग म्हणालात, "समुद्र ओलांडून?" सगळे हात खाली. गणेश मागच्या बाकावरून म्हणाला, "सर, झाईची खाडी ओलांडलीय. पोहून." तुम्हीच सगळ्यात जास्त हसलात. म्हणालात, "मग आता जरा रुंद खाडी ओलांडू," आणि काठी सिंगापूरवर ठेवलीत. ते इतकं बारकं होतं की काठीच्या टोकाखाली झाकून गेलं.

एका संस्थेने आपल्यासारख्या कॉलेजांतल्या मुलांसाठी ही सहल ठेवली होती. चौदा जागा. पहिल्या यादीत माझं नाव नव्हतं, कारण मी दिलंच नव्हतं. तुम्ही विचारलंत तेव्हा म्हणाले, "घरचे नाही पाठवणार." मी घरी विचारलंसुद्धा नव्हतं.

पुढच्या रविवारी तुम्ही मोटरसायकलवरून आमच्या पाड्यावर आलात. बाबा घोलवडला चिकूच्या वाडीत कामावर होते. आई एकटी होती. तुम्ही अंगणात खाटेवर बसलात. आईने नागलीची भाकर आणि सुक्या मासळीची चटणी पुढे केली, ती खाल्लीत, आणि झाईसारख्या मासेमारीच्या गावातून आलेल्या माणसाने करावी तशी त्या मासळीची चौकशी केलीत, कुठल्या बाजारातली, केवढ्याची, खारट जास्त झालीय का. आईची भीती तिथेच अर्धी गेली. तरी तिने विचारलंच, "तठं आपला कोन?"

तुम्ही म्हणालात, "कोणी नाही. म्हणून तर तिच्याबरोबर तेराजण देतोय."

"आन तुमी?"

"मी हाय. पण मला पण तिनंच सांभाळायचंय."

आई तोंडाला पदर लावून हसली. त्या दिवशी घरी वेगळी परवानगी अशी कुणी दिली नाही, पण दुसऱ्या दिवशी तिने माझ्यासाठी नवीन चपला बघायला सुरुवात केली.

पासपोर्टच्या वेळी आपल्यातल्या नऊ जणांची जन्मतारीख एक जून निघाली. शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकलेली. खिडकीतल्या बाई एकेक कागद बघत होत्या आणि वर बघत होत्या. तुम्ही गंभीर चेहऱ्याने म्हणालात, "मॅडम, आमच्याकडे त्या दिवशी पीक चांगलं येतं." बाहेर आल्यावर मात्र तुम्ही आम्हा नऊ जणांना जवळ बोलावलंत आणि विचारलंत, "खरा वाढदिवस कुणाला माहीत आहे?" दोघांना होता. बाकीच्यांना तुम्ही सांगितलंत, आईला विचारा, पाऊस पडून गेला होता का, भात कापलं होतं का, आणि लिहून ठेवा. मला असा प्रश्न आधी कुणी विचारला नव्हता. मी विचारलं. आई म्हणाली, वाल फुलावर होता.

आणि मग तुमचा नियम. सहलीत रोज एकजण पुढारी. त्या दिवसापुरता रस्ता तोच शोधणार, तिकिटं तोच बघणार, तिथलं सिमकार्ड घातलेला एकमेव फोन आणि सगळे पत्ते त्याच्याकडे. तुम्ही त्या दिवशी नुसते प्रवासी. तुम्हाला काही विचारायचं नाही. आणि पुढाऱ्याने चालायचं सगळ्यांच्या मागून.

"मागून कसा पुढारी?" गणेश म्हणाला.

"होडीत तांडेल कुठं बसतो?"

"मागं."

"का?"

"सुकाणू मागं असतं."

मग माझ्याकडे वळलात. "मनीषा, शेळ्या नेतेस तेव्हा पुढं चालतेस का?"

"नाही सर. मागून."

"पुढं चाललीस तर?"

"मागची एखादी कुणाच्या तरी वालात शिरेल."

"झालं तर मग," तुम्ही म्हणालात. वर्गात अर्धे होडीवाल्यांचे आणि अर्धे शेळ्यावाल्यांचे. चौदांपैकी एकालाही त्यात काही चूक दिसली नाही. दुसरीकडच्या मुलांनी कदाचित विचारलं असतं. आम्हाला ते इतकं पटलं की घरी जाताना मी विचार करत होते, ही एवढी साधी गोष्ट पुस्तकात कशी नाही.

सराव तुम्ही विवळवेढ्याच्या जत्रेत घेतलात. चैत्राची गर्दी, महालक्ष्मीच्या दर्शनाची रांग, पाळणे, भांड्यांची दुकानं, भोंगे. त्यातून एकेकाने तेराजणांना हायवेपासून देवळापर्यंत न्यायचं आणि परत आणायचं. माझ्या वेळी गणेश पाळण्यापाशी गायब झाला. मी घाबरून उभी राहिले. मग आमच्याकडे शेळी चुकली की जे करतात तेच केलं, बाकीच्यांना एका जागी थांबवलं आणि आलेल्या वाटेने मागे गेले. गणेशसाहेब बर्फाचा गोळा खात होते. तुम्ही लांबून बघत होतात. परत आल्यावर एवढंच म्हणालात, "चौदा नेले, चौदा आणले. जमतंय." मला वाटतं, माझ्या आयुष्यात मला मिळालेलं ते पहिलं प्रमाणपत्र.

सिंगापूरबद्दल मी इथे फार लिहीत नाही. गणेशच्या लेखात दोन पानं आहेत. मला आठवतात ते तुम्हीच. सिंहाचं तोंड आणि माशाची शेपटी असलेला तो पुतळा बघून तुम्ही म्हणालात, "हा मासा आपल्या जाळ्यात कधी आला नाय." जेवणाच्या मोठ्या शेडमध्ये भाताबरोबर तळलेली बारकी सुकी मासळी आली तेव्हा ताटलीवर वाकून वास घेतलात आणि जोरात म्हणालात, "अगो, हे तर आपल्या दारातलं!" शेजारच्या टेबलावरच्या आजीबाई दचकल्या. बाजारात चिकू दिसला आणि त्यावरच्या पाटीवर चिकूच लिहिलेलं होतं, आपलंच नाव, तेव्हा तुम्ही पाटीचा फोटो काढलात आणि मला म्हणालात, "बाबांना दाखव. सांग, त्यांच्या मालाची इथं ओळख आहे." बाबांच्या मोबाइलमध्ये तो फोटो अजून आहे. ते वाडीतल्या सगळ्यांना दाखवतात.

चौथ्या दिवशी पुढारी मी होते. आणि त्या दिवशी बंदर होतं.

बंदर बघायला मिळावं म्हणून तुम्ही किती पत्रं लिहिली होतीत ते आम्हाला माहीत होतं. आपल्या किनाऱ्यावर वाढवणला मोठं बंदर होणार म्हणून घराघरांत बोलणं चालू आहे. झाईत, डहाणूत, रिक्षात, मासळीबाजारात, जो तो एका बाजूला. तुम्हाला विचारलं की तुम्ही म्हणायचात, "मी होडीवाल्याचा मुलगा. मला काय वाटणार ते सगळ्यांना माहीतच आहे. पण मी भूगोलाचा मास्तरही आहे. एवढं मोठं बंदर मी जन्मात बघितलेलं नाही. बघितल्याशिवाय भांडलो तर भांडणात दम नाही." म्हणून तुम्हाला ते आतून बघायचं होतं. साडेदहाची वेळ ठरली होती. उशीर झाला तर आत सोडणार नाहीत, हे आदल्या दिवशी तुम्ही मला दोनदा सांगितलं होतंत.

सकाळी मी पहिलीच गाडी उलट्या दिशेची पकडली. फलाट मधे आणि दोन्ही बाजूंना गाड्या, त्यात मी गोंधळले. दोन स्टेशनं गेल्यावर लक्षात आलं. सगळ्यांना उतरवून पलीकडच्या गाडीत बसवलं. गणेश म्हणाला, "हिच्या भरवशावर राहिलो तर दुपारी तलासरीला उतरू." सगळे हसले. तो चेष्टेत बोलला होता, सर, त्याच्या मनात काही नव्हतं. पण मला कान गरम झालेले कळत होते. मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही खिडकीकडे बघत होतात. तुम्ही त्या दिवशी प्रवासी होतात.

पुढे एका मोठ्या स्टेशनवर गाडी बदलायची होती. आपण फलाटावर उभे होतो. तिथे फलाटालाही काचेची दारं असतात, गाडी आली की दोन्ही दारं एकदम उघडतात. गाडी आली. मी मागे उभी राहून मोजलं. एक, दोन, करत तेराजण चढले. शेवटी तुम्ही चढलात आणि दाराशीच, आतल्या बाजूला, माझ्याकडे तोंड करून उभे राहिलात.

मी वरच्या पाटीकडे बघितलं आणि मला वाटलं, हीसुद्धा चुकीची असली तर?

गाडी बरोबर होती. ते मला नंतर कळलं. पण त्या क्षणी माझ्या मनात आलं ते गाडीबद्दलचं नव्हतं. मनात आलं की मी चढले नाही तर आता पुढचं मला करावं लागणार नाही. कुणीतरी दुसरं करेल. दार बंद होण्याची खूण वाजत होती. दोन पावलांचं अंतर होतं. मला वेळ होता, सर. मी दोनदा चढले असते एवढा वेळ होता. मी पाऊल उचललं आणि मागे ठेवलं.

दार बंद झालं तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. हे मी कितीतरी महिने कुणालाही सांगितलं नाही. आधी सुटल्यासारखं वाटलं आणि मग, गाडी निघाल्यावर, हातातल्या फोनकडे लक्ष गेलं. काचेतून तुम्ही माझ्याकडे बघत होतात. तुम्ही हात हलवला नाहीत, ओरडला नाहीत. नुसतं बघितलंत.

फोन माझ्याकडे, पत्ते माझ्याकडे, आणि पोरं तिकडे. मी होते तिथेच उभी राहिले. किती गाड्या गेल्या ते मोजलं नाही. मग एका गाडीतून तुम्ही सगळ्यांच्या पुढे बाहेर आलात, तुमचाच नियम मोडून, जवळजवळ धावत. माझ्याजवळ येऊन म्हणालात, "हलली नाहीस. शाबास." आणि मागून गणेश आला. सकाळच्या चेष्टेचं त्याला वाईट वाटत असावं. हळू आवाजात म्हणाला, "दार पटकन बंद झालं ना गं?"

मी म्हणाले, "हो."

तुम्ही ते ऐकलंत.

बंदराच्या फाटकाशी पोचलो तेव्हा आपली वेळ टळून गेली होती. पहारेकरी सभ्य होता, त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं, पण आत सोडलं नाही. तुम्ही कुंपणाच्या जाळीशी गेलात. आपले लोक समुद्राकडे बघतात तसा कपाळाला हात लावून लांबच्या क्रेन बघत उभे राहिलात. मी तुमच्या मागे होते. तुमची पाठ बघत होते. तुम्ही वळलात तेव्हा चेहऱ्यावर काही नव्हतं. म्हणालात, "चला, भूक लागली. पुढारी, आता जेवायला कुठं?" दिवस अजून माझाच होता. तुम्ही तो माझ्याकडून काढून घेतला नाहीत.

मी जेवायला नेलं, सर. रस्ता बरोबर सापडला. संध्याकाळी मुक्कामाच्या जागीही बरोबर आणलं. आपण परतलो तेव्हा तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "चौदा आणले." मला रडू आलं. सगळ्यांना वाटलं, मी दमले.

इकडे आल्यावर संस्थेचं पत्र आलं. ठरलेल्या ठिकाणी मुलं वेळेवर पोचली नाहीत, एक विद्यार्थिनी परक्या शहरात एकटी राहिली, याला जबाबदार कोण. प्राचार्यांनी आपल्याला सगळ्यांना बोलावलं. मी बोलायला तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. पण त्याआधी तुम्ही म्हणालात, "पुढारी मागून चालेल हा नियम माझा. स्टेशनात तो चालत नाही, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. चूक नियमाची. म्हणजे माझी." आणि तसं लिहूनही दिलंत. मी तोंड मिटलं.

सहलींचं काम तुमच्याकडून काढून घेतलं गेलं. पुढच्या वर्षीची सहल थांबली. आमच्या पाड्यावरची प्रमिला पहिल्या वर्षाला आहे, ती मला येताजाता विचारते, "ताई, आमची सहल कधी?" तिने पासपोर्टचे कागदसुद्धा जमवलेत. मी म्हणते, "बघू." ती म्हणते, "तू बघून आलीस, म्हणून बघू म्हणतेस."

त्यानंतरचे सात महिने आपण भांडलो. आता विचार करते तेव्हा वाटतं, किती विचित्र भांडण होतं ते. मी म्हणायचे, सर, तुमचा नियम पाड्यावर ठीक, जत्रेत ठीक, शहरात चूक. शहरात पुढारी पुढेच पाहिजे. आणि तुम्ही, ज्यांनी प्राचार्यांना नियम चुकला असं लिहून दिलं, तेच तुम्ही वर्गात त्या नियमासाठी हिरिरीने भांडायचात.

"रेल्वेचा गार्ड कुठं असतो?"

"शेवटच्या डब्यात. पण ड्रायव्हर पुढं असतो, सर."

"ड्रायव्हर इंजिन नेतो. माणसांवर लक्ष गार्डचं. बरं, एसटीचा कंडक्टर?"

"मागच्या दाराशी. पण आता नव्या गाड्यांचं दार पुढं आलंय."

"म्हणून तर त्या वेळेवर येत नाहीत!"

वर्ग हसायचा. मीही हसायचे. मला ते भांडण हवं होतं. नियम चुकीचा ठरला असता तर मी बरोबर ठरले असते. मी तुमच्याशी मुद्दे काढून भांडत होते आणि प्रत्येक मुद्द्याखाली तेच एक दार होतं.

दिवाळीच्या आधी एकदा तुम्ही खडू हातात धरून मधेच थांबलात. आवाज नेहमीचाच होता. म्हणालात, "मनीषा, नियम चुकला असेल तर मी बदलतो. पण आधी एवढं सांग, त्या दिवशी तो पाळला गेला होता का?"

मी खाली बघितलं. तुम्ही वाट बघितलीत. घंटा झाली. तुम्ही खडू ठेवलात, हात झटकलेत आणि म्हणालात, "राहू दे. वेळ आहे."

सर, वेळ आहे असं तुम्हाला वाटलं होतं आणि मलाही. त्या दिवशी फलाटावरही मला वेळ होता.

बाराव्या दिवशी आम्ही सगळे झाईला तुमच्या घरी आलो. बाकीचे निघाले तेव्हा मी मागे राहिले. काकू पडवीत बसल्या होत्या. समोर बांबूच्या मांडवावर शेजाऱ्यांचे बोंबील वाळत होते. काकूच बोलायला लागल्या. "तू सिंगापूरवाली ना? अगो, त्या बंदरानं डोकं खाल्लं माझं. महिने न् महिने. दात घासताना क्रेन, जेवताना क्रेन. एवढ्या लांब गेलो आणि बाहेरून बघून आलो म्हणायचे. मी विचारलं, का नाय सोडलं आत? म्हणे, उशीर झाला. कुणामुळं? तर म्हणे, घड्याळामुळं."

घरातसुद्धा नाही सांगितलंत. एवढी खंत होती, रोज बोलून दाखवत होतात, आणि तरी नाव नाही घेतलंत.

मी म्हणाले, "काकू, माझ्यामुळं." आणि सगळं सांगितलं. दार, दोन पावलं, सुटल्यासारखं वाटलं तेही, आणि तुम्ही प्राचार्यांना लिहून दिलेला कागदही.

त्या ऐकत होत्या. मग उठल्या. त्यांचा आवाज चढला. "आणि हे तू आता सांगतेस? मला? मी काय करू त्याचं?" आणि आत गेल्या. मी तशीच बसून राहिले. निघावं की थांबावं समजेना. बऱ्याच वेळाने त्या बाहेर आल्या आणि कप माझ्यापुढे ठेवला. "घे. राग गेला नाय माझा. चहा घे."

मी चहा घेतला. कप परत घेताना म्हणाल्या, "मला सांगून काय व्हायचंय, पोरी. जिथं लिहिलंय तिथं जाऊन खोड."

म्हणून मी सोमवारी प्राचार्यांकडे गेले. कागद घरूनच लिहून नेला होता. मोठा नव्हता. 'गाडीचं दार उघडं होतं. मला चढायला वेळ होता. मी घाबरून चढले नाही. तामोरे सरांचा नियम चुकला नव्हता, मी चुकले. सरांनी जे लिहून दिलं ते मला वाचवण्यासाठी होतं. पुढच्या मुलांची सहल या कारणासाठी थांबवू नये.'

त्यांनी तो दोनदा वाचला. "हे तेव्हा का नाही सांगितलंस?"

"भीती वाटली, सर."

"आणि आता?"

"आता पण वाटते."

त्यांनी फाइल मागवली, तुमचा कागद काढला आणि माझा कागद त्याला टाचणीने जोडला. तुमचं अक्षर मी इतक्या दिवसांनी बघितलं. ते म्हणाले, "समितीपुढं ठेवतो. सहल होईलच असं सांगत नाही. पण हे त्याच्यासोबत राहील." मला तेवढं पुरे होतं. पुरे नाही, पण तेवढं झालं.

बाहेर प्रमिला उभी होती. तिला कुणीतरी सांगितलं होतं, मनीषा सहलीचं बोलायला गेलीय. मी तिलाही सांगितलं. तिने नीट ऐकलं, मग जरा विचार केला आणि म्हणाली, "मी चढले असते."

मला राग नाही आला, सर. मला बरं वाटलं. हिला पाठवायला हवं.

आता एक शेवटचं. कागद देऊन घरी येताना एसटीत मी तुमच्या नियमाचा पुन्हा विचार केला. पहिल्यांदाच नीट केला, कारण आता मला तो चुकीचा ठरायला नको होता. आणि तरीही मला त्यात एक खोट सापडली. मागून चालणाऱ्याला सगळे दिसतात, हे खरं. पण तो कुणालाच दिसत नाही. त्याला भीती वाटली तर ती कुणाला कळणार? शेळ्या वळणाऱ्याचं ठीक, त्याला शेळ्यांना काही सांगायचं नसतं. पण माणसांत मागे एकाला नको, दोघांना ठेवा. हा मुद्दा मी खरा मानते. यामागे काही लपवलेलं नाही. पुढच्या सहलीसाठी तसं सुचवणारही आहे. तुम्ही असतात तर उद्या वर्गात हात वर करून बोलले असते, आणि आपलं पहिलं खरं भांडण झालं असतं.

तुम्ही काय म्हणाला असतात तेही मला माहीत आहे. खडू बोटांत फिरवत म्हणाला असतात, "पण मी बघत होतो ना."

हो, सर. तुम्ही बघत होतात. यावर काय बोलायचं ते मला अजून सुचलेलं नाही. तास संपेपर्यंत काहीतरी सुचलं असतं.